तीन ठोके

होडी गाडीवर उताणी ठेवायची की पालथी, यावरून दर दिवाळीनंतर भिवाजी मास्तर आणि नागू गाडीवान यांचं वाजायचं. मास्तर म्हणायचे उताणी, म्हणजे पेंढ्यावर तिचा कणा नीट बसतो. नागू म्हणायचा पालथी, म्हणजे बैलांना वाटतं नुसतं छप्पर चाललंय. या वर्षी होडी दुसऱ्यांदा गाडीवर चढली तेव्हा नागूने काही न बोलता ती उताणी ठेवली. सुंदराने ते पाहिलं आणि दोर आवळण्यासाठी ती पलीकडच्या बाजूला गेली.

मास्तर तिचे वडील. चौक गावच्या मराठी शाळेतून पेन्शन घेऊन घरी बसले, आणि घरी बसणं जमेना म्हणून त्यांनी होडी केली. खोपोलीला वीजघर झाल्यापासून पाताळगंगेला उन्हाळ्यातही पाणी असे, पण मास्तरांचं मन वरच्या गोड्या नदीत नव्हतं. पाच-सहा कोसांवर, आपटा गावाच्या खाली, समुद्राची भरती नदीत चढते आणि तीच नदी दिवसातून दोनदा उलटी वाहते, तिथे त्यांना जायचं असे. दोन माणसं मावतील एवढी होडी, बांबूची डोलकाठी, हिरड्याच्या पाण्यात भिजवून काळं केलेलं मांजरपाटाचं शीड. भरतीला ती उतारावरून पाण्यात लोटायची आणि चार दिवस काठाकाठाने मुक्काम करत हिंडायचं. दिवसा जे शीड, तेच रात्री तंबू. सुंदरा चौदाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली त्याच साली होडी पुरी झाली होती. लोकांनी तिच्या कपाळाकडे बघत बसू नये म्हणून मास्तर तिला बरोबर घेऊन गेले. दोन वर्षं ती त्यांच्याबरोबर गेली. वाचायला ती होडीतच शिकली, आणि पुढे शिकून पनवेलच्या मुलींच्या शाळेत शिकवू लागली.

या वर्षी मास्तर भाऊबीजेला निघाले. सणाच्या दिवशी कशाला, म्हणून अंबाबाईने, त्यांच्या बायकोने, अबोला धरला होता. दुपारच्या भरतीला नागूने होडी लोटून दिली आणि तो गाडी घेऊन परतला. तिसऱ्या दिवशी खारपाड्याच्या कोळ्यांना होडी रिकामी वाहताना सापडली. शीड गुंडाळलेलं, भांडी जागच्या जागी, पिठाच्या डब्याचं झाकण घट्ट. फक्त नांगर नव्हता. त्याचा दोर अर्ध्यात तुटला होता आणि टोक उंदरांनी कुरतडल्यासारखं दिसत होतं. पावसाळाभर तो दोर गोठ्यात टांगलेला असायचा.

सुंदराचे चुलते मालोजी आणि गावची दहा माणसं चार दिवस शोधत होती. होडी खारपाड्याला सापडली, म्हणून त्यांनी खारपाड्यापासून खाली धरमतरपर्यंत काठ धुंडाळला. नदीत पडलेलं खालीच जाणार, यात कुणाला काही विचारावंसं वाटलं नाही. पाचव्या दिवशी ते हात हलवत परत आले. मग मालोजीकाका भटजींना विचारून आले. देह मिळाला नाही तर बारा वर्षं वाट बघायची आणि त्यानंतर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा.

अंबाबाईने ते दाराआडून ऐकलं. बारा वर्षं आहेत म्हणजे माणूस आहे, असा तिने अर्थ घेतला. त्याच संध्याकाळी तिने नेम धरला: ते येऊन पानावर बसेपर्यंत भात खायचा नाही. भाताच्या मुलखातल्या बाईने भात सोडला म्हणजे काय उरतं? ताक उरलं. पुढे पुढे ताकाचं भांडंही अर्धं परत येऊ लागलं. सुंदरा रजा घेऊन आली तेव्हा आईच्या गळ्यातलं मंगळसूत्र तिला आधीपेक्षा मोठं दिसलं. कपाळावरचं कुंकू मात्र कधी नव्हतं एवढं ठसठशीत होतं. चार घास खा म्हणून तिने हात जोडले. अंबाबाई शांतपणे म्हणाली, "ते उपाशी असतील तर?"

आईला वाचवायचं तर बाबा मेले हे तिला कळलं पाहिजे, आणि ते कळायला बाबा सापडले पाहिजेत. म्हणजे आईचं कुंकू पुसायला आपणच निघायचं. ते कसं पुसतात हे घरात सुंदराएवढं कुणाला ठाऊक नव्हतं.

मास्तरांची एक वही होती. तिच्यात तिथीवार भरती-ओहोटीच्या वेळा होत्या, आणि पहिल्याच पानावर लिहिलं होतं की आजचं पाणी पंधरा दिवसांनी त्याच वेळी पुन्हा येतं. भाऊबीज शुद्ध द्वितीया. सुंदराने वद्य द्वितीया धरली. सगळ्यांनी होडी सापडली तिथून शोधायला सुरुवात केली होती. बाबा निघाले तिथून, त्यांच्याच पाण्याने, ती निघणार होती. मालोजीकाका म्हणाले, गावातल्या दहा पुरुषांना नदी काही बोलली नाही, आता मास्तरीणबाईंशी बोलेल. पण त्यांनी बैल अडवले नाहीत.

उतारावर पोचले तेव्हा पाणी चढत होतं. दीड वाजायच्या सुमारास ते खालच्या दगडाला टेकलं आणि दोघांनी होडी लोटली. नागू आजवर कधी तिच्यात बसला नव्हता. बैल ओळखीच्या माणसाकडे बांधून तो आला, चप्पल हातात घेऊन आत चढला आणि होडीच्या मध्यावर मांडी ठोकून देवळात बसावं तसा बसला.

"मास्तर म्हणायचे, नागूला बैल कळतात, पाणी कळत नाय," तो म्हणाला. "मी म्हणायचो, बैलाला हाकता येतं."

सुंदराने शीड चढवलं. हात आठवणीने चालत होते. वारा खालून येत होता, म्हणून थोड्याच वेळात ते उतरवून तिने वल्हं घेतलं. ओहोटी लागली होती आणि होडी आपसूक चालली होती. काठची भाताची खाचरं कापून झाली होती. पुढे खाचरं संपली, खारवट वास आला, आणि दोन्ही काठांना तिवरांची बुटकी झाडं सुरू झाली. प्रत्येक झाडावर एका उंचीला चिखलाची रेघ होती, भरती कुठवर येते ते सांगणारी. सुंदरा प्रत्येक फांदी, प्रत्येक गाळाचा उंचवटा बघत होती. नागू दुसरा काठ बघत होता. अडकलेलं गवत, हाराचे सुतळीदोरे, एक फुटकं मडकं. दोघांनी एकमेकांना काहीच दाखवलं नाही.

वहीत पहिला मुक्काम नेहमी एकच असे: चिंच, उजवा काठ, कातकऱ्यांची चार घरं. दिवस मावळायला आला तेव्हा चिंच दिसली. पाणी बरंच उतरलं होतं आणि काठाखाली काळा चिखल उघडा पडत होता. सुंदराने होडी दगडांच्या जुन्या धक्क्याला लावली, नवा दोर चिंचेच्या मुळाला दोनदा बांधला. मग तिच्या हाताने, तिला न विचारता, वल्ह्याच्या दांड्याने होडीच्या फळीवर तीन ठोके मारले.

मास्तर कुठेही होडी लावली की तसे ठोके मारत. ती सवय इतकी लागली होती की घराच्या दारावरही ते तसेच ठोकायचे, आणि अंबाबाई आतून म्हणायची, लागलं वाटतं गलबत.

तिवरांमागून आवाज आला, "ओ! आली, आली!"

कमरेला खेकड्यांची टोपली बांधलेली एक म्हातारी लगबगीने धक्क्यावर आली. तिचा चेहरा हसत होता. "लई उशीर केलास रं मास्तर आवंदा," असं म्हणत ती पुढे आली आणि थांबली.

"तू सुंदरा," ती म्हणाली. "मास्तरची. नाकावर बोट ठेवून वाचती ती."

सुंदराच्या लक्षात आलं, ही ठकी. वहीत हिचं नाव दर वर्षी होतं. ठकीला खोकल्याचं औषध दिलं. ठकीने खेकडे दिले, फार तिखट. चारी घरांतल्या माणसांची नावं वहीत होती, पोरांचीही. आजूबाजूच्या गावांतली माणसं या वाडीला नुसती वाडी म्हणत. चार दिवस काठ धुंडाळणाऱ्यांपैकी कुणीही इथे विचारायला आलं नव्हतं.

"मास्तर कुठं हाय?"

नागू खोकू लागला. "आले नाहीत," सुंदरा म्हणाली.

"बरं झालं नाय आला," ठकी म्हणाली आणि मुळावर बसली. "पान्यात गिऱ्हा आलाय."

गिऱ्हा म्हणजे पाण्यातलं भूत. माणसाच्या आवाजात हाक मारतं, आणि जो ओ देईल त्याला खेचून नेतं. ठकी सांगत गेली, हवापाण्याची गोष्ट सांगावी तशी. तुमची भाऊबीज होती त्या दिवशी, अशाच तिन्हीसांजेला, त्या खालच्या वळणावरून हाक आली. एकदा नाही, कितीदा. तिने सुनेला आत घेतलं, नातवंडांच्या कानांवर गोधडी टाकली, दार लावलं आणि चुलीतला निखारा उंबऱ्यात ठेवला.

"हाक कुणाला मारत होता?" सुंदराने विचारलं.

"मला. नाव घेत व्हता माझं. ठकी गं, ठकी. मास्तर मारतो तश्शी. लबाड असतो त्यो, वळखीच्या मानसाचा आवाज काढतो. कोन हाय का, असं कुनी वरडलं तर आमी जातो की. त्यो मानूस असतो. पन नाव घेतलं की जायचं नाय."

"आणि बाबाच असते तर?"

"मास्तर आधी ठोकतो," ठकी म्हणाली. "पयल्या साली मी ओ दिली नाय त्याला, नाव घेतलं म्हनून. मंग त्यानं इचारून घेतलं सगळं, लिवून घेतलं, आन् म्हनला, ठकी, मी आलो की होडीवर तीन ठोके मारीन, मंग हाक मारीन. गिऱ्हाला काय होडी नसती. तवापासनं आमचं ठरल्यालं हाय."

नागूने हातातली पेंढ्याची काडी मोडली. सुंदराने पाण्याकडे पाहिलं. ओहोटीची धार अजून खाली ओढत होती. अशाच वेळी, ठोके मारायच्या आधीच, नांगराचा दोर तुटला. होडी सुटली. बाबा तिच्यामागे उतरले असणार, चिखलातून, दोन पावलं, चार पावलं. होडी गेली, आणि तिच्याबरोबर ठोकायची फळीही गेली.

"हाक किती वेळ येत होती?" तिचा आवाज वर्गात विचारावा तसा निघाला.

"भात शिजला, उतरवला, पोरं जेवली, तरी येत व्हती. मंग बारीक झाली. मंग भरती चढली आन्..." ठकी बोलता बोलता थांबली. तिने सुंदराकडे पाहिलं, मग होडीकडे, मग चिंचेला बांधलेल्या नव्या कोऱ्या दोराकडे. तिचा हात टोपलीवर गेला आणि तिथेच राहिला.

"मास्तर व्हता?" तिने विचारलं.

नागू सुंदराकडे वळून म्हणाला, "ताई, हिचं काय चुकलं नाय. मी असतो तर मीबी दार लावलं असतं."

ते खरं होतं, आणि त्यातच सगळं संपलं होतं. सुंदरा राग शोधत होती. तो ठकीवर धरावा तर ठकीने बाबांचाच शब्द पाळला होता. बाबांनी दुसऱ्यांसारखं कुणाला नावाने ओळखलं नसतं, कुणीतरी या गं, एवढंच ओरडले असते, तर चार घरांतली माणसं दिवट्या घेऊन धावली असती. त्यांना ते सुचलंही नसेल. ओळखीच्या माणसाला कोण हाय का म्हणून हाक मारायची असते, हे लिहून घेऊनही त्यांच्या जिभेला वळलं नसतं.

शिडाचा तंबू नागूने कसाबसा उभा केला. त्याखाली ती बसून राहिली. ठकी घरी गेली नाही. धक्क्याच्या टोकाला, पाण्याकडे पाठ करून, ती सकाळपर्यंत तशीच होती.

उजाडल्यावर पाणी पुन्हा पार उतरलं. ठकीने दोन फळ्या आणल्या. खेकडे धरायला ही माणसं चिखलावर फळी टाकतात, तिच्यावर उभं राहून दुसरी पुढे टाकतात, मग मागची उचलतात. तशा त्या दोघी गेल्या. नागू काठावर राहिला, कारण फळ्या दोघींपुरत्याच होत्या. ठकी वाट विचारल्यासारखी मध्येच थांबून कान देई आणि मग पुन्हा फळी टाकी. वळणाच्या आत, धक्क्यापासून शंभर पावलंही नसतील, तिवरांच्या जाळीत मास्तर होते. कमरेपर्यंत ते चिखलात होते. वर जे उरलं होतं ते थोडं होतं, आणि त्यातलं सुंदराने जेवढं पाहायला हवं तेवढंच पाहिलं. सदऱ्याला तिनेच शिवलेली बटणं होती.

ठकीने वर बोट दाखवलं. तिवराच्या बेचक्यात उपरण्याची घडी नीट खोचून ठेवलेली होती. सुंदराने ती काढली. घडीत डबी होती आणि डबीत चष्मा. पुसलेला, कोरडा. झाडावरची भरतीची रेघ फळीवर उभ्या सुंदराच्या कमरेशी, म्हणजे रुतलेल्या माणसाच्या डोक्याच्या वर होती, आणि उपरणं त्या रेघेच्या वीतभर वर होतं.

मग तिला कळलं. त्या दिवशी पाणी कितीला फिरणार, कुठवर चढणार, हे त्यांना ठाऊक होतं. ते त्यांच्या वहीत त्यांच्याच अक्षरात होतं. बारा-तेरा वर्षं त्यांनी दुसरं केलं काय होतं? हाका मारता मारता त्यांनी कधीतरी चष्मा काढला, पुसला, आणि पाणी पोचणार नाही अशा जागी ठेवून दिला. त्यानंतरही ते हाका मारत राहिले.

ठकी चिखलात उतरली होती आणि हातांनी उकरत होती. सुंदरा तिला नको म्हणाली. ठकीने ऐकलं नाही. भरती लागायच्या आत वाडीतले दोन पुरुष आणि नागू यांनी मास्तरांना काठावर आणलं. ठकीच्या सुनेने स्वतःची गोधडी आणून मास्तरांवर घातली. त्या रात्री पोरांच्या कानांवर टाकलेली गोधडी हीच असणार, हे सुंदराला कळलं. तिने ती काढू दिली नाही.

नागू गावाकडे निघाला तेव्हा तिने त्याला बाजूला घेऊन सांगितलं: चिखलात पाय गेला आणि लगेच संपलं, एवढंच म्हणायचं. हाकांचं कुणाला सांगायचं नाही, काकांनाही नाही. नागूने मान हलवली. दोन पावलं जाऊन तो परत आला आणि म्हणाला, "मला सांगता येत नाय खोटं, ताई. पण हे मी ऐकलंच नाय असं धरतो."

दुसऱ्या दिवशी दिवस कलल्यावर मालोजीकाका चार माणसं आणि लाकडं घेऊन आले. पाटलाला वर्दी दिली होती. काकांनी गोधडी थोडी बाजूला करून पाहिलं, पुन्हा झाकली आणि ते चिंचेला टेकून उभे राहिले. "खारपाड्याला शोधत होतो रे आम्ही," ते हळूच म्हणाले. कुणाला म्हणाले ते कळलं नाही. मग चितेचं सुरू झालं. बायकांनी तिथे थांबायचं नसतं म्हणून सुंदरा होडीत जाऊन बसली.

अग्नी दिल्यावर काका धक्क्यावर आले. वहिनीला कोण सांगणार, त्यांनी विचारलं. सुंदराने चष्म्याची डबी त्यांच्या हातात दिली.

"ही पुढ्यात ठेवा. काही बोलायला नको."

"आणि मग?"

"मग भात घाला. मऊ करून, थोडा थोडा. सुतकात शेजारून येईल तो. एवढ्या दिवसांनी एकदम पोटभर देऊ नका."

आई खाईल. चष्म्याशिवाय ते कुठे जात नाहीत हे तिला ठाऊक होतं. आधी ती कपाळ पुसेल आणि मग खाईल, अनेक वर्षं खाईल. ज्यासाठी सुंदरा आली होती ते झालं होतं. काका डबी उपरण्यात बांधून गाडीकडे गेले. नागू चितेपाशी थांबला. सकाळी राख सावडून होडी वर न्यायची होती.

ओहोटी लागली होती. सुंदराने दोर सैल सोडला तशी होडी धक्क्यापासून चार हात आत गेली आणि तिथे ताणून उभी राहिली. सूर्य बुडाला. पाण्याचा, तिवरांचा, चिखलाचा रंग एक होत गेला. इथून वळणावरची ती जाळी दिसत होती. ठकीचं घरही दिसत होतं, चुलीचा धूर, उघडं दार. दोन्हींच्या मध्ये शाळेचं एखादं पटांगण मावेल एवढंच अंतर होतं.

ठकी घरातून आली. तिच्या हातात झाकलेली थाळी होती. धक्क्याच्या टोकाशी उभी राहून ती अंधुक उजेडात होडी शोधत होती.

"सुंदरा गं," तिने हाक मारली.

सुंदराने ती ऐकली. नागूने ऐकली, कारण चितेपाशी त्याने मान वर केली.

"सुंदरा."

ओ द्यायची म्हणून तिने तोंड उघडलं. नुसता एक स्वर होता तो, पाचव्या वर्षापासून हजार वेळा दिलेला. तो घशात होता. ठकीला शिक्षा करावी असं तिच्या मनात नव्हतं, हे ती पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगणार होती. पण वळणावरच्या त्या जाळीकडे बघता बघता तिचं तोंड मिटलं.

ठकी थोडा वेळ उभी राहिली. मग तिने थाळी खाली ठेवली. चाचपडत कालच्या त्या फळीपाशी गेली, ती उचलून तिने दगडावर टेकवली, आणि हातातल्या काठीने तिच्यावर एक, दोन, तीन ठोके मारले. मीच आहे, माणूस आहे, एवढंच कळावं म्हणून.

मग तिने पुन्हा नाव घेऊन हाक मारली, आणि ओ येईल म्हणून ती वाट बघत राहिली.